मोहाखालचा उतार

जव्हारच्या बाजारात सुक्या मोहफुलांचा वास आला की मला मोखाड्याकडचा तो उतार आठवतो. मी आरोग्यसेविका म्हणून नवीन होते, आणि तिथेच गळून पडलेल्या मोहफुलांवरून माझी स्कूटी घसरली. लागलं थोडंच, पण रोज स्वप्नात त्याच उतारावर ब्रेक लागेनासे झाले. मी लसींचा डबा खांद्याला लावून पायी जाऊ लागले. पोहोचेपर्यंत आया बाळांना घेऊन मजुरीला गेलेल्या असायच्या. आमच्या डॉक्टरबाईंना स्वप्न सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "स्वप्नात बोटं कमीजास्त दिसतात. दिवसातून दहादा बोटं मोज आणि स्वतःला विचार, मी जागी आहे का? सवय लागली की स्वप्नातही विचारशील." महिनाभर मोजली. एका रविवारी दुपारी डोळा लागला, उतार आला, मी हाताकडे पाहिलं तर बोटं सहा. हे स्वप्न आहे, हे झोपेतच कळलं. मग भ्यायचं कशाला? मी हँडल सैल धरलं आणि स्कूटी सावकाश खाली जाऊन थांबली. सोमवारी खरीखुरी उतरवली. हँडल तसंच सैल धरलं. पाड्यावरच्या आजीने विचारलं, "आज चालत नाय आलीस?" म्हटलं, "आता गाडीनेच येणार, आजी." हल्ली नव्या सेविकांना त्या उतारावर गाडी शिकवते ती मीच, मागच्या सीटवर बसून.