निझव्याच्या दुकानातली शिळाछाप चित्रं

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात, छापखान्यातून निवृत्त झाल्यावर, मी ओमानला बहिणीकडे गेलो. एका गुरुवारी सकाळी मस्कतमधल्या वादी अदाईहून, तिच्या घरून, निझव्याला निघालो तेव्हा मेहुणे इनास भलत्याच तोऱ्यात होते. गाला भागातल्या गॅरेजात लोकांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी पहिल्याच मोठ्या चढावर उकळली. रेडिएटर थंड होईपर्यंत मी, बहीण फिलोमिना आणि ते, रस्त्याकडेला बसून पाव आणि उकडलेली अंडी खात राहिलो. समोर उघडेबोडके तपकिरी डोंगर.

"दादा, वसईत कुणाला सांगू नका हं," इनास म्हणाले. म्हणून इथे लिहितो आहे.

निझव्याच्या सूकमध्ये (बाजारात) चांदीचे खंजीर, खजुराचे ढीग आणि गरम हलवा. बोटाने उचलून खायचा, वर कहवा (वेलची घातलेली बिनदुधाची कॉफी). आमचं मराठी ऐकून एका तसबिरींच्या दुकानातून हाक आली. हसनमियां, मूळचे दाभोळचे. खुर्च्या पुसून त्यांनी आम्हांला बसवलंच.

त्यांच्या टेबलावर जाड, पिवळट कागदांची चळत होती. वरचा कागद कापायला त्यांनी पट्टी लावली आणि मला त्याच्या पाठचं चित्र दिसलं.

"थांबा!" मी ओरडलोच.

"अवो, ती रद्दी हाय. फ्रेमच्या पाठी लावायला."

मी चष्मा काढून कागद डोळ्यांशी नेला. छापील ठिपके नव्हते. खडूचे कण होते. शिळाछाप! दगडावर चित्र काढून, शाई लावून घेतलेला छाप. उमेदीची वर्षं मी हेच काम केलं होतं. एकूण सात चित्रं: तंबू, खजुरीची झाडं, खोक्याची वेदी करून मिस्सा (चर्चमधली उपासना) सांगणारा पाद्री, थाळ्या घेऊन रांगेत उभे सैनिक. खाली शेपट्या फुटलेली रोमन अक्षरं.

"ही अक्षरं आन्नाच्या प्रार्थनेच्या पुस्तकात असतात," फिलोमिना म्हणाली. आन्ना म्हणजे तिच्या ओळखीची पोलंडची नर्स.

हसनमियांच्या अर्बाबचे (मालकाचे) वडील पूर्वी इराकमध्ये नोकरीला होते, त्यांच्या पेटीतले हे कागद. हसनमियांनी तिथूनच अर्बाबला फोन लावला. "न्या म्हणतात. खलास!" ते हसले. "नशीब, सुरी बोथट होती."

दुसऱ्या दिवशी, तिथल्या सुट्टीच्या म्हणजे शुक्रवारच्या मिस्सानंतर, चर्चच्या अंगणात आन्नाला चित्रं दाखवली. पन्नाशीची, उंच, शांत बाई. फिलोमिना तिचं बोलणं मला मराठीत सांगत होती. महायुद्धात रशियाच्या छावण्यांतून सुटलेले पोलिश सैनिक इराणमार्गे इराकच्या वाळवंटात आले. त्यांत चित्रकारही होते. त्या दिवसांची आठवण राहावी म्हणून त्यांनी अशी चित्रं छापली.

मग ती थाळ्यांच्या रांगेपाशी आली, खालची ओळ वाचली आणि एकदम मोठ्यानं हसली.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"'आज पुन्हा मटण!'"

हसता हसता तिचे डोळे भरले. "माझे वडील त्या सैन्यात होते. युद्धाबद्दल घरी कधी चकार शब्द काढला नाही. फक्त मटणाला शिवायचे नाहीत. आई जन्मभर चिडायची, तिला वाटायचं आपल्यालाच रांधता येत नाही."

तिने रांगेतला एकेक चेहरा बोटाने तपासला. वडील सापडले नाहीत. "हरकत नाही," ती म्हणाली, "मित्र तरी भेटले."

सातही चित्रं मी तिच्या हातात ठेवली. तिने पाद्र्याचं तेवढं बळेच मला परत दिलं.

परतीच्या विमानात ते मांडीवर घेऊन बसलो होतो. काम झालं की आम्ही दगड घासून कोरा करायचो आणि त्यावर पुढचं चित्र काढायचो. या सैनिकांचा दगडही केव्हाच घासला गेला असेल. आपल्या हातून छापलेले हजारो कागद आज कुठल्या पेटीत असतील, हे मला तोवर कधी सुचलंही नव्हतं.

घरी मुलीने विचारलं, "पप्पा, ओमानहून काय आणलंत?"

मी हलवा दिला, मग चित्र उलगडलं.

"हे कोण?"

"बस," म्हटलं, "सांगायला वेळ लागेल."