फाट्यापर्यंतची बोळवण

आमच्याकडे पाहुणा दारातून जात नाही, फाट्यावरून जातो. पारोळ्याजवळच्या माझ्या माहेरी घरापासून फाटा चांगला पाऊण किलोमीटर. आबा, म्हणजे माझे वडील, प्रत्येकाबरोबर तेवढं चालतात; मग ती लेक असो, व्याही असो, की सोयरिकीला नकार देऊन निघालेली मंडळी. पिशवी आपल्या हातात घ्यायची, एसटी येईपर्यंत थांबायचं, गाडी हलली की मगच माघारी. "चाल, तुले बोळवाले येस," एवढंच म्हणतात. बोळवण ती हीच. पेपरात 'आश्वासनांवर बोळवण' असं वाचलं की माझं डोकं फिरतं. चांगल्या शब्दाची माती केली मेल्यांनी!

पण माती मीही केलीच. गेल्या हिवाळ्यात आबा डोळे तपासायला जळगावला माझ्याकडे आले, चार दिवस राहिले. निघायच्या सकाळी माझी ऑनलाइन मीटिंग चालू होती. मी मोबाइलवरून रिक्षा बोलावली, केळीचे वेफर्स पिशवीत कोंबले आणि दारातूनच म्हटलं, "बरं आबा, पोचलात की फोन करा." लिफ्ट यायच्या आधीच मी आत वळले.

फोन आला तो आईचा. आबा तिला म्हणाले होते, "पोरनी माले धाडी दिन्हं. आते मी जळगावले जावाव नही."

धाडतात ते पार्सल. माणसाला बोळवतात. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, म्हणून तर जास्त शरम वाटली.

पुढच्याच रविवारी गावी गेले. जेवणं झाली, गप्पा झाल्या, माफी मात्र ओठांवर येऊन अडली. पिशवी उचलून म्हटलं, "येते आबा."

आबा खाटेवरून हलले नाहीत. "हां, ये," म्हणाले. चपला पायाशीच होत्या. मला रागच आला. मीही त्यांचीच लेक! पिशवी खाली ठेवून ओट्यावर बसले. "तुम्ही बोळवायला आल्याशिवाय जाणार नाही." दोनची एसटी गेली, तीनचीही गेली. आई म्हणाली, "दोघं एकाच माळेचे मणी."

"चुकलं माझं," शेवटी मी म्हणाले. "रिक्षा बोलावून तुम्हाला वाटेला लावलं."

आबांनी चपला घातल्या आणि माझी पिशवी उचलली.

फाट्यावर चारची गाडी आली. मी चढून बसले, तर आबा खिडकीशी आले. "पुढला खेपले धाडू नको माले. स्टँडलोंग बोळवाले ये."

पुढल्या खेपेला! "स्टँडपर्यंत येईन," म्हणत मी मान हलवली. गाडी हलली तरी आबा तिथेच उभे होते.