जायला अडीच, यायला साडेपाच

जगातली सगळी विमानं आमच्या शेजारच्या कंट्रोलर काकांना विचारून उडतात, अशी माझी पक्की समजूत आहे. काका हिंगोलीच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते. निवृत्तीनंतर हाताखाली गाड्या उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी विमानं ताब्यात घेतली. स्वतः कधी विमानात पाऊल ठेवलेलं नाही, पण देशातल्या कोणत्याही दोन विमानतळांमधलं अंतर आणि लागणारा वेळ तोंडपाठ! हळद विकायला आलेले पुसेगावचे एक पाहुणे सहज डोकावले, तर चहा येईपर्यंत त्यांना नागपूर ते कोलकाता ऐकावं लागलं. कुणाचं पोरगं बंगळुरूला नोकरीला लागलं, की अभिनंदन राहिलं बाजूला, काका आधी विचारणार, "थेट हाय का मधी बदलावं लागतं?" काकू म्हणतात, "घरात मीठ कुठं हाय ते ठावं न्हाई, अन् आभाळातले रस्ते सांगून राहिले!"

या वेडाचं मूळ म्हणजे त्यांची दुबईत नर्स असलेली एकुलती एक लेक. यंदा तिला कशीबशी चार दिवसांची रजा मिळाली. तिनं मोबाइलवर तिकीट पाठवलं आणि काका तणतणत माझ्याकडे आले. मी भूगोलाचा मास्तर.

"गुरुजी, अंतर तेच, रस्ता तोच. हैदराबादहून जायला अडीच तास, अन् तिकडून यायला साडेपाच? पायलट मधी थांबून राहिला! आमचे ड्रायव्हर बी कनेरगाव नाक्यावर ढाबा दिसला की असेच थांबायचे."

विमान कंपनीसाठी अर्जही तयार होता : 'सदर चालकाने मार्गात विनाकारण थांबा घेतल्याचे दिसून येते.'

मी समजावलं, की दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. खरा प्रवास दोन्हीकडून चारच तासांचा. काका अर्जाची घडी घालत म्हणाले, "तुमचं बराबर हाय. पर लेकरू चारच दिवस येऊन राहिलं. त्यातला बी दीड तास कापला, तो कोणाला मागावा?" मला आलेलं हसू तिथंच विरलं.

लेक आली. चार दिवस काकांनी एकाही विमानाचं नाव काढलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी हैदराबादला निघायला जीप दाराशी लागली, सामान चढलं, काकूंनी लेकीच्या हातावर दही दिलं. काकांनी ड्रायव्हरला चाकांची हवा बघायला लावली. हवा ठीक होती.

"स्टेपनी बघ." तीही ठीक निघाली.

"मंग रेडिएटरचं पाणी बघ."

"बाबा, उशीर होऊन राहिला," लेक आतून म्हणाली.

"न्हाई होत, पोरी. समदा येळ हिशेबात धरलाय मी."

काका जीपच्या खिडकीवर हात ठेवून उभे होते. मला त्यांची फार माया आली. पाणी काठोकाठ आहे, असं ड्रायव्हरनं दोनदा सांगितलं. काकांना ते दोन्ही वेळा ऐकू आलं नाही.