बेचाळीस सारखी उत्तरं

घरात त्यांना सगळे 'मॅडम' म्हणत, नवरासुद्धा. सोळा वर्षं वॉर्डात काढून त्या शिकवायला लागल्या तेव्हा त्यानं चिडवायला म्हणून हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. खोटं कशाला बोला, मॅडमनाही ते आवडायला लागलं होतं. आठवड्यातून तीन दुपारी त्या बेडरूमचं दार लावून घेत, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडत आणि नोकरी करणाऱ्या बेचाळीस नर्सना ऑनलाइन प्रगत औषधशास्त्र शिकवत. वर कडक इस्त्रीचे कपडे, पायात मात्र भोकं पडलेले मोजे.

त्यातली एक नर्स वॉर्डातल्या चादरींच्या खोलीतून, कॅमेरा बंद ठेवून बसायची. कोणी हाक मारली की मध्येच गायब. मॅडमनी मनातल्या मनात तिचं नाव चादरवाली ठेवलं होतं.

एकदा प्राचार्या तास बघायला बसल्या होत्या. पडद्यावरच्या तक्त्यात फिट थांबवायचं इंजेक्शन ग्लुकोजच्या सलाईनमधून द्यावं असं लिहिलं होतं. चादरवालीनं माइक उघडला.

"मॅडम, ग्लुकोजमध्ये ते घातलं की पांढरा गाळ धरतो. आम्ही साध्या सलाईनमधून देतो."

नोकरीच्या पहिल्या वर्षी हाच गाळ मॅडमनी डोळ्यांनी पाहिला होता, वर मोठ्या सिस्टरची बोलणीही खाल्ली होती. तक्ता करताना दोन ओळींची अदलाबदल झाली होती, बस्स. एवढं कबूल करायला असा कितीसा वेळ लागला असता? पण कोपऱ्यातल्या चौकटीत प्राचार्या काहीतरी लिहून घेत होत्या.

"ऐकीव सवयी वॉर्डातच ठेवा," मॅडम म्हणाल्या. "आणि आधी कॅमेरा चालू करा."

कॅमेरा चालू झाला. मागे चादरींचे गठ्ठे, पुढे घामेजलेला चेहरा. कोणीतरी फिसकन हसलं. तिनं सॉरी म्हणून माइक बंद केला.

संध्याकाळी मॅडमनी तक्ता गुपचूप दुरुस्त केला आणि कोणाला काही सांगितलं नाही. प्रश्नपत्रिका आणि तिची उत्तरं मात्र आधीच कॉलेजकडे गेली होती, तीही त्याच तक्त्यावरून काढलेली.

निकाल लागला. त्या प्रश्नाला बेचाळीसच्या बेचाळीस जणींनी 'ग्लुकोज' असं उत्तर दिलं होतं आणि संगणकानं सगळ्यांना पूर्ण गुण दिले होते. प्राचार्यांचा अभिनंदनाचा निरोप आला. मॅडमना कुठं तोंड लपवू असं झालं. जेवताना नवऱ्याच्या नजरेला नजर देववेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चादरवालीला फोन लावला. चूक आपली होती हे अडखळत सांगून टाकलं. मग तुम्ही तरी ग्लुकोज का लिहिलंत, असं विचारलं.

"पास व्हायचं होतं, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "पेशंटला मी साध्यातूनच देते. माझी काळजी करू नका."

"आणि बाकीच्या?"

"त्यांचं मला कसं कळणार? तुम्ही सांगितलंत ते त्यांनी लिहून घेतलं."

ग्रुपवर दोन ओळी टाकून भागलं असतं, पण लिहिताना आपण पुन्हा सारवासारव करणार नाही, याचा मॅडमना भरवसा वाटेना. त्यांनी यादी उघडून पहिला नंबर लावला. पलीकडून किती आदरानं 'बोला ना मॅडम' आलं! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फिटच्या इंजेक्शनचं आपण चुकीचं शिकवलं, एवढं त्या कसंबसं बोलल्या.

पलीकडची नर्स आवाज खाली आणून बोलू लागली.

"परवा माझ्या पेशंटची सलाईनची नळी गाळानं तुंबली, मॅडम. तो ठीक आहे. पण माझाच हात चुकला असं समजून मी सगळ्या वॉर्डाची माफी मागितली."