सुमनबाईचे न दुखणारे गुडघे

आमच्या साखरा गावात सुमनबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही. नळाची लाइन आली तेव्हा ठेकेदाराने पाइप वीतभर खोलीवर पुरून वर माती लोटली होती. साहेब पाहणीला आले, सगळे पुढारी मान हलवून राहिले, आणि ही बाई घरून फावडं घेऊन आली. साहेबांच्या बुटापुढंच चार घाव घातले, पाइप उघडा केला आणि म्हणाली, "एवढ्या खोल तर आमी लसूण लावतो." लाइन पुन्हा खोदावी लागली. दारूच्या गुत्त्यावर बाया चालून गेल्या तेव्हा ही पुढं. तहसीलमध्ये कारकुनाने उद्या या म्हटलं, तर ही पायरीवर बसून राहिली आणि त्याच दिवशी काम करून आली. नवरा तातेराव गरीब गाय. घरातलं बोलणं आणि भांडणं असा सगळा कारभार हिच्याकडे.

हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून कुणी तिला भित्री म्हणू नये. भित्री असती तर मला इतका राग आला नसता.

मी या गावची आशा. बाळंतिणी, लसीकरण, गोळ्या वाटणं, घरोघरी फिरणं हे माझं काम. सुमनबाईचं घर माझ्या घरापासून तिसरं. तिची लेक प्रतिक्षा सेनगावच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. जानेवारीत पोरीच्या ओटीपोटात डाव्या बाजूला दुखायला लागलं. सुमनबाईने तिला गुपचूप हिंगोलीला नेऊन सोनोग्राफी केली. डाव्या अंडाशयात साडेसहा सेंटिमीटरची गाठ निघाली. तिथल्या डॉक्टरीणबाईने नीट समजावून सांगितलं होतं. गाठ साधी दिसते, पण मोठी आहे. कधी पीळ पडला तर पंचाईत होईल. दुर्बिणीने नुसती गाठ काढू, अंडाशय शाबूत राहील. महिन्याच्या आत या.

सुमनबाईने रिपोर्ट तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी खुपसला आणि वर डाळ ओतली.

काय झालं होतं माहीत आहे का? त्या दवाखान्याबाहेर बाकावर तिला गावातली एक बाई दिसली होती. बिनलग्नाची पोरगी बायांच्या डॉक्टरकडे कशाला आली, या प्रश्नाचं आमच्याकडे एकच उत्तर काढतात. ज्या बाईने साहेबापुढे फावडं चालवलं, ती त्या बाकावरच्या बाईला बघून पदर तोंडावर ओढून मागच्या दाराने बाहेर पडली.

मग वसमतच्या बहिणीने तिला पत्ता दिला. कापडाच्या दुकानावरच्या माडीवर चिनी उपचार केंद्र. पाटीवर लिहिलेलं: गुडघे, कंबर, शुगर, मूळव्याध, जुनाट सर्दी. सुमनबाईला ती पाटी वाचून हायसं वाटलं, हे तिने मला नंतर स्वतः सांगितलं. औषध कोणतं, वैद्य कोण, हे तिने पाहिलंच नाही. तिने पाटी पाहिली. त्या जिन्यावर कुणी दिसलं तर गुडघे दाखवायला आले म्हणता येईल. पोरगी काय, सोबत आली.

आणि त्या दिवसापासून सुमनबाईचे गुडघे दुखायला लागले.

दर बुधवारी मायलेकी निघायच्या. आधी जीप, मग एसटी, मग दुसरी एसटी. माडीवर विजयकुमार नावाचा माणूस प्रतिक्षाच्या दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघायचा, जीभ बाहेर काढायला लावायचा. म्हणाला, "पोटात थंडी बसली आहे. रक्त गोठून त्याची गाठ झाली आहे. चिरफाड करायची गरज नाही, विरघळवून टाकू." घोट्यापाशी आणि बेंबीखाली बारीक सुया टोचायच्या. कसल्यातरी पाल्याची जळती कांडी पोटाजवळ धरून शेक द्यायचा. शेळीच्या लेंडीएवढ्या काळ्या गोळ्या, आणि उकळून प्यायला एक भुकटी, जिच्या वासाने तातेराव अंगणात जाऊन बसायचा. त्याला सांगितलं होतं, बायकोच्या गुडघ्याचा काढा आहे. थंड काही खायचं नाही. एप्रिलच्या उन्हात त्या लेकराला ताक बंद, काकडी बंद, कलिंगड बंद.

आता मी बारावी शिकलेली बाई. सुया चांगल्या का वाईट, चीनमधलं औषध खरं का खोटं, ते मला ठरवता येत नाही. तिकडे शिकलेले वैद्य असतील, तपासण्या करून देत असतील. पण हा माणूस पंधरा दिवसांचा वर्ग करून माडीवर बसलेला, आणि याने साडेसहा सेंटिमीटरच्या गाठीला काय सांगावं? "पुन्हा मशीनखाली घालू नका, गाठ चिडते." या एका वाक्यासाठी मी त्याला माफ करणार नाही. गाठ वाढते का घटते ते बघायचंच नाही, म्हणजे याचं कधी चुकणारच नाही.

मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मला दिसायचं ते एवढंच, की सुमनबाई सोमवारी डाव्या पायाने लंगडते आणि मंगळवारी उजव्या. आणि पोरगी सुकत चालली आहे. एकदा मी तिच्या दारात गेले. म्हटलं, "अक्का, प्रतिक्षाला काय होऊन राहिलं? एकदा दाखवू या ना."

ती दार आडवं धरून उभी राहिली. "माझ्या दारात येऊ नको बाई. तू आशा हाईस. जवान पोरीच्या घरी आशा येऊन राहिली म्हणल्यावर लोक काय समजतेत, तुला म्हाईत न्हाई का?"

मी परत फिरले. तिचा राग आला आणि तशीच घरी आले. त्या दिवशी हट्टाने आत घुसायला पाहिजे होतं. मला माझाही राग आहे, तो मी लपवत नाही.

मध्ये महिनाभर दुखणं कमी झालं होतं. सुमनबाईला वाटलं, विरघळली. गावात कुणी विचारलं की ती सांगायची, "लई फरक पडला. बघा कशी चालून राहिले." चालायला काय झालं, गुडघे कधी दुखलेच नव्हते.

मे महिन्यात एका सकाळी प्रतिक्षा चुलीपाशी दुमती झाली. ओकाऱ्या, घाम, पोटाला हात लावू देईना. आठ वाजले होते. सुमनबाईने पहिला फोन कुणाला लावावा? त्या माडीवरच्याला. तो म्हणाला, "गाठ सुटायला लागली आहे, म्हणून दुखतंय. चांगलं लक्षण आहे. गोळ्या दुप्पट द्या." तिने दुप्पट दिल्या. पोरगी ओकत राहिली, आणि ही चांगलं लक्षण म्हणून शेकत राहिली. एक वाजता ती माझ्या दारात आली, अनवाणी, पळत. त्या दिवशी तिचा कोणताच पाय लंगडत नव्हता.

मी एकशेआठला फोन केला. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात जानेवारीत बघितलेल्याच डॉक्टरीणबाईने पोटावर हात ठेवला, मशीन लावलं आणि थेट आत नेलं. गाठीने अंडाशयाला पीळ घातला होता, रक्त बंद होऊन ते जांभळासारखं काळं पडलं होतं. काढावं लागलं. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "दुसरं चांगलं आहे. लेकरंबाळं होतील. पण हे वाचलं असतं. लवकर आणायचं होतं."

सुमनबाईने विचारलं, "किती लवकर?"

"जानेवारीत," त्या म्हणाल्या.

जीव वाचला म्हणून मी देवाचे आभार मानले. पण घरी येता येता सुमनबाईने माझा हात घट्ट धरला आणि काय म्हणावं? "गावात अपेंडिक्स सांगायचं. तुला तुझ्या लेकराची आण." मी हात सोडवून घेतला. तरी बोलले नाही कुठं. दुसऱ्याच्या पोरीचं दुखणं चव्हाट्यावर नेणं हे माझं काम नाही.

जुलैत सोयाबीनचं खुरपण चालू होतं. मी प्रतिक्षाची टाक्यांची जागा बघायला गेले होते, आता सुमनबाई मला आत घ्यायची. तेवढ्यात गौसिया आली. वेशीपाशी तिच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान आहे, आणि सुमनबाईचा आणि तिचा जुना घरोबा. ओट्यावर बसून तिने इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली केला.

"सुमनबाई, आमच्या आलियाच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर काटायचं म्हणतेत. सतरा सालची पोर, उद्या सोयरीक जमवायची, कुणाला सांगू? तुमच्या त्या चिनी दवाखान्याचा पत्ता द्या. गुपचूप जाऊन येतो. तुमचे गुडघे बघा की, केवढी तकलीफ होती, आता कशा बराबर चालता."

खरं सांगायला आण नव्हती आड येत, पण ती गोष्ट माझी नव्हती. मी सुमनबाईकडे बघत राहिले. मनात म्हटलं, आता जर हिने पत्ता दिला, तर या ओट्यावर मी पुन्हा पाय ठेवणार नाही.

सुमनबाई उठून आत गेली. डाळीचा डबा आणला, ओट्यावरच पालथा केला आणि डाळीतून तो कागद झटकून गौसियाच्या मांडीवर ठेवला.

"माझे गुडघे कधी दुखलेच न्हाईत, गौसिया."

"मंग तुमी लंगडत व्हत्या ते?"

"ढोंग व्हतं." मग तिने सगळं सांगितलं. सुया, गोळ्या, बंद केलेलं ताक, तो फोन. डोळ्याला पदर न लावता सांगितलं. प्रतिक्षा दाराच्या चौकटीत उभी राहून ऐकत होती.

गौसियाचा चेहरा लाल झाला. "आमी तुमच्या गुडघ्यासाठी दुवा मागून राहिलो, सुमनबाई. पाच महिने. आन् मी उद्या आलियाला तिथं नेणार व्हते." ती उठली, पुन्हा बसली. "काहून नाही सांगितलं? मला तरी."

सुमनबाई सांडलेली डाळ डब्यात भरू लागली. शेवटी ती म्हणाली, "उद्या सकाळी हिंगोलीला चला. आमालाबी तपासायला जायचंच हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजणी फाट्यावर हिंगोलीच्या जीपमध्ये बसलो. मायलेकी, गौसिया आणि आलिया, आणि मी. जीप खच्चून भरलेली, निम्मी साखऱ्याची माणसं. ड्रायव्हर देविदास गावातलाच. आरशात बघून म्हणाला, "काय अक्का, गुडघ्याला का आज?"

सुमनबाईने तोंड उघडलं. सवयीने काय बाहेर पडलं असतं देव जाणे. पण तिच्या आधी प्रतिक्षा बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"न्हाई दादा. बायांच्या डॉक्टरकडं. माझ्या अंडाशयाला गाठ व्हती. उशीर केला म्हून अंडाशय काढावं लागलं. दुसरं तपासायचंय. ह्या सोबतीला हायेत."

आलिया मान खाली घालून बसली होती. तिने मान वर केली.

माझ्या शेजारच्या अमृतराव म्हाताऱ्याने आपली पिशवी मांडीवर घेतली आणि प्रतिक्षाला म्हणाला, "टेकून बस पोरी, गचके बसतेत." देविदासने गिअर टाकला. "मंग स्टँडवर न्हाई उतरवत," तो म्हणाला. "दवाखान्याच्या दारातच सोडतो."

मागून बोलले असतील, बोलोत. पण तोंडावर एवढंच झालं.

सुमनबाई माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "एवढंच व्हतं का गं?"

मी तोंड फिरवून बाहेर बघायला लागले. तोंड उघडलं असतं तर शिवीच आली असती, आणि ती कुणाला द्यायची हे मला अजून ठरवता आलेलं नाही.