तांड्याची बोली वर्गातच चालणार

किनवटकडं माझी शाळा, वर्ग पहिलीचा. सकाळी आल्या आल्या पाढे-बिढे न्हाई, आधी गप्पा! घरी काय झालं ते पोरांनी आपापल्या बोलीत सांगायचं. तांड्यावरची एक पोरगी मात्र शाळा उघडल्यापासून गप्पच.

त्या दिवशी ती आपणहून उठली की! बंजारा बोलीत सुरूच झाली. त्यांच्या शेळीला पिल्लं झाली होती. मला अर्धंच कळलं, पण मी लई खूश!

तेवढ्यात दारात हेडसर. "मॅडम, मराठी शाळा हाय ही. तांड्याची बोली तांड्यावर."

पोरगी खाली बसली. माझं डोकंच फिरलं.

"सर, मराठी शिकवतेच मी. आधी तिचं तोंड तर उघडू द्या!"

"आन् साहेब तपासणीला आले तर?"

"येऊ द्या. त्यांनाबी शेळीचं ऐकवू."

पोरं खदाखदा हसली. मी तिच्याशेजारी सतरंजीवर बसले. "हं, मग पिल्लांचं काय झालं?"

तिनं सरांकडं बघितलं, उठली, आन् तिच्याच बोलीत पुन्हा सांगू लागली, आधीपेक्षा मोठ्यानं. मग मी फळ्यावर शेळी काढली, खाली मराठीत 'शेळी' लिहिलं. सगळ्यात आधी तीच ओरडली, "शेळी!"

सर अजून माझ्यावर नाराज हायत. असू देत. गप्पा रोज चालू हायत.