कलावतीबाईंचा उजवा हात

परवा बारामतीतलं माझं दुकान आवरताना रबरी हातांच्या रंगाचा जुना डबा उघडला आणि रबराचा उग्र वास नाकात शिरला. आता कृत्रिम हात ठरावीक मापांत, दोन-तीन रंगांत तयार मिळतात. आपल्या हाताबरहुकूम हात करून घ्यायला कुणी येत नाही, आणि माझेही डोळे थकलेत.

त्या वासाबरोबर कऱ्हाटीच्या कलावतीबाई आठवल्या. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला होता. त्यांच्या डाव्या हाताचा साचा घेऊन मी महिनाभर खपलो आणि त्याच्या जोडीचा उजवा हात केला. शिरा, नखं, सगळं हुबेहूब. त्यांनी पाहिलं आणि मान हलवली.

"तात्या, ह्यो माझा हात न्हाय. ह्यानं कवा खुरपं धरलंय का?"

मला राग आला. तरी मी त्यांना समोर बसवलं. बोटांच्या पेरांवर बारीक ब्रशनं भेगा रेखल्या, नखांच्या कडा काळ्या केल्या, तळहातावर घट्टे चढवले. दुपार कलल्यावर हात बसवला. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"आता माझा हाय," त्या म्हणाल्या. मग डाव्या हातानं तो चाचपून, "पण लई गार हाय वो."

"रबर हाय ते, बाई. गारच राहणार."

तेव्हा मी माझ्याच कारागिरीवर खूश होतो. आता त्या भेगा नि घट्टे नीटसे आठवतही नाहीत. आठवतं ते एवढंच, की उठेपर्यंत त्या डाव्या हातानं तो हात चोळत होत्या, थंडीत लेकराचा हात चोळावा तसा.